आयडल हलतंय? कोड खोडायच्या आधी दोन आकडे लिहून घ्या

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं करून सांगलीत गॅरेजला लागलो, तिसराच महिना चालू होता. एक पेट्रोल हॅचबॅक आली. तक्रार अशी की गार असताना ठीक चालते पण गरम झाली आणि सिग्नलला उभी राहिली की आयडल (पेडल न दाबता चालणारी रेस) वर-खाली, आरपीएमचा काटा 700 वरनं 1100 वर आणि परत खाली, एसी लावला की कधीकधी बंदच पडते.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला, दोषाचा कोड आला पी 0171, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी पडतंय. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर लीन दाखवतोय म्हणजे सेन्सरच गेला असं मी धरून चाललो. साडेतीन हजारांचा सेन्सर बसवला, कोड खोडला, एक फेरी मारली, डॅशबोर्डवरची चेक इंजिन लाईट लागली नाही, गाडी दिली.

चार दिवसांनी गाडी परत. गाडीवाले काका ओरडले वगैरे नाहीत, चावी टेबलावर ठेवली आणि "बघा काय ते" एवढंच म्हणाले. ते अजून आठवलं की पोटात कालवतं.

इथेच मी अडकलो म्हणून सविस्तर सांगतो. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही! पी 0171 एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. सेन्सर बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो आणि आपण खरं सांगणाऱ्यालाच बदलून टाकतो. दुसरं, हा कोड बहुतेक गाड्यांत एका फेरीत पक्का होत नाही, दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत तोच दोष दिसला तर लाईट लागते, म्हणून खोडल्यावर गाडी दोन-चार दिवस बरी झाल्यासारखी वाटते. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महागात पडलं: कोड खोडला की फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची नोंद, पण जाते. दोष पकडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय) किती, हे सगळं त्यात असतं. माझ्या गाडीत ते उत्तर पडलेलं होतं आणि मी ते न वाचताच पुसलं.

आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी एकच विचारलं, "पोरा, खोडायच्या आधी काय लिहून घेतलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी स्कॅनर परत माझ्याच हातात दिला. (जो वस्ताद आपल्या हातातला पाना काढून घेऊन स्वतःच काम उरकतो त्याच्याकडे दहा वर्षं राहिलात तरी झाडूच माराल, हे माझं स्पष्ट मत आहे.)

गाडी गरम केली. आयडलला फ्युएल ट्रिम +23, म्हणजे कॉम्प्युटर तेवढे टक्के जादा पेट्रोल ओततोय. मग रेस 2500 ला धरली, ट्रिम उतरून +4. मामा म्हणाले, वाटीभर आमटीत चमचाभर मीठ आणि पातेलंभर आमटीत तेवढंच मीठ, फरक समजला का? आयडलला इंजिन हवा थोडीच घेतं आणि इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, जोरात असतो, त्यामुळे बारीक भेगेतून आलेली चोरटी हवा लगेच जाणवते, रेस दिली की एकूण हवाच इतकी वाढते की ती त्यात जिरून जाते. रेस वाढवल्यावर ट्रिम उलट वाढला असता तर पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर, पंप तिकडे बघायचं.

मामांनी दोन फुटाची रबरी पाईप कानाला लावायला दिली. दुसरं टोक फिरवत फिरवत इनटेकच्या मागे पीसीव्हीच्या होजजवळ (इंजिनच्या आतला वायू परत इनटेकमध्ये नेणारी रबरी नळी) आलो आणि बारीक सुस्स ऐकू आलं. होज वरून एकदम धड. ती वाकते तिथे खालच्या बाजूला बोट फिरवलं तर नख आत गेलं, रबर गरम होऊन मऊ पडलं की ती भेग उघडायची. नवीन होज सेन्सरच्या मानाने किरकोळ किमतीची.

एक लक्षात ठेवा, हा हिशोब एअर फ्लो सेन्सरवाल्या (आत येणारी हवा तोंडाशीच मोजणाऱ्या) गाडीचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) असतो, तिथे चोरटी हवा पण मोजली जाते, ट्रिम जवळपास नॉर्मल राहतो आणि नुसतं आयडल चढतं. मला हे पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गाडीवर कळलं, तेव्हा घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं.

बाकी थोडक्यात. काटा स्थिर आणि फक्त स्टेअरिंग थरथरतंय तर इंजिनचं माउंटिंग (ज्या रबरी आधारावर इंजिन बसतं ते) बघा. ठेक्यात धक्के बसत असतील तर मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही, तिथे स्पार्क प्लग-कॉइल बघा. कुठला सिलिंडर ते शोधायला इंजेक्टरचा कनेक्टर काढा, कॉइल काढून गाडी चालू ठेवू नका, कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जातो. गरम एक्झॉस्टजवळ क्लीनर फवारून लीक शोधायचे व्हिडिओ बघून ते करू नका, आग लागते, खरंच लागते. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली तर आयडल रीलर्न करा, म्हणजे कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवा, नाहीतर नवीनच तक्रार घेऊन गाडी परत येईल.

होज बसवल्यावर मी दोन्ही आकडे परत वहीत लिहिले, आयडलला +3, 2500 ला +2. कोड त्यानंतर खोडला. सेन्सरचे पैसे गॅरेजच्या मालकांनी काकांच्या बिलातून वजा केले आणि माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. ती वही अजून माझ्याकडे आहे.