डीपी नव्हे, डीबी

बार्शीहून वाशीला आले तेव्हा विजेबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे ती जाते. केव्हा जाते, किती तास जाते, आली की आधी मोटर लावून टाकी भरून घ्यायची, एवढंच गावाकडचं शिक्षण. इथे लाईट जाईचना, आणि मला त्याचंच अप्रूप. सिडकोच्या जुन्या इमारतीत आम्ही रिसेलचं घर घेतलं, गिझर लावला, वॉशिंग मशीन आणलं. दारामागच्या विजेच्या लाकडी बोर्डाकडे मात्र सात वर्षांत एकदाही नीट पाहिलं नाही.

आता गावाकडचं कुणी नोकरीनिमित्त ठाण्याला किंवा नवी मुंबईला आलं, की घर बघायला मला सोबत नेतात. पाणी किती वाजता येतं, स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का, हे तुम्ही विचारताच. मी तोवर दारामागचा विजेचा बोर्ड बघायला जाते.

आमच्या बोर्डाचं कसं कळलं ते सांगते. शेजारी आगरी कुटुंब. त्यांच्याकडे मासळी तळली की वास आमच्या हॉलभर. आम्ही घरात मासे न करणारे, पण वर्षभरात नाकाला सवय झाली. २००४ च्या श्रावणात एका संध्याकाळी तोच वास आला. मी ह्यांना म्हटलं, "श्रावणात वहिनी मासे कशा करतील?" शेजारी जाऊन पाहिलं तर त्यांच्याकडे वालाचं बिरडं. वास आमच्याच दारामागून येत होता. तापलेल्या बॅकेलाइटचा (जुन्या स्विचांचं कडक प्लास्टिक) आणि वायरीच्या प्लास्टिकचा वास बऱ्याचदा थेट मासळीसारखा येतो, हे मला तेव्हा कळलं. एरवी सतत बाजूला मासळी शिजणाऱ्या या भागात तो लक्षात न येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा नाकावर विसंबू नका. भरपूर लोड चालू असताना बोर्डाच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट लागलं तरी इलेक्ट्रिशियनला बोलवा. झाकण स्वतः उघडू नका.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जे इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांना मी म्हटलं, "काका, डीपी बदलायचीय." ते हसायला लागले. "वहिनी, डीपी बदलायला एमएसईबीची गाडी लागते." गावाकडे डीपी म्हणजे चौकातला ट्रान्सफॉर्मर. इथे घरातल्या त्या डब्याला डीबी म्हणतात, डिस्ट्रिब्युशन बोर्ड. इथलेही निम्मे लोक त्याला डीपीच म्हणतात, त्यामुळे लाजू नका. दुकानात मात्र डीबी मागा.

काकांनी लाकडी पाट भिंतीपासून सोडवला. मागे पालीची अंडी, काजळी आणि ॲल्युमिनियमच्या वायरी. एका वायरीचं टोक त्यांनी नुसतं वाकवलं, तर काडीसारखं तुटून त्यांच्या हातात आलं. चिनीमातीचे दोन फ्यूज होते, ज्यांना इथे किटकॅट म्हणतात. त्यातला एक उपटून त्यांनी मला दाखवला. बारीक फ्यूज तारेच्या जागी कुणीतरी तांब्याच्या वायरीचे चार पदर पिळून घातले होते. फ्यूज सारखा उडतो म्हणून हा इलाज! पण फ्यूजचं कामच मुळी आधी जळण्याचं. तो जळला नाही तर भिंतीतली वायर जळते, आणि ती बदलायला भिंत फोडावी लागते.

दोष तसा कुणाचाच नाही. ही घरं बांधली तेव्हा दोन ट्यूब, दोन पंखे, एक रेडिओ आणि फार तर इस्त्री, एवढाच हिशोब होता. आजची सकाळ आठवून बघा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो, इंडक्शनही तेवढंच. गरम पाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन जवळपास तेवढंच घेतं आणि इस्त्री चारेक. साडेसातला सगळं एकदम चालू झालं की झाले तीस अँपिअर. अजून एसी लावलेलाच नाही. गावी दिवसातून चार वेळा लाईट जायची तेव्हा वायरीला निदान थंड व्हायला वेळ मिळायचा. इथे ती अखंड तापते.

आता नवीन डब्यात काय हवं ते. आधी मेन आयसोलेटर, म्हणजे सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच, मग आरसीसीबी, आणि त्यानंतर एमसीबींची ओळ. एमसीबी वायरीला वाचवतो, म्हणजे लोड जास्त झालं किंवा शॉर्ट झालं की खाली पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजमधून (करंट आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी गळतोय, कदाचित तुमच्या अंगातून. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. लोक पैसे वाचवायला नेमका हाच गाळतात, कारण तो एमसीबीपेक्षा बराच महाग येतो. मी म्हणते, पडदे पुढच्या वर्षी घ्या.

वन बीएचकेला साधारण आठ वेचा, म्हणजे आठ खणांचा डबा पुरतो. दिव्या-पंख्यांना १.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, पॉवरच्या सॉकेटला आणि गिझरला २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी, एसीला ४ ची वायर आणि २० चा. वायर तांब्याची, आयएसआय शिक्क्याची, एफआर (आग पसरू न देणारी) लिहिलेली. बंडल ९० मीटरचं असतं. ते सीलबंद आणून तुमच्यासमोर फोडायला सांगा. "एमसीबी पडतोय, ३२ चा टाकून देतो" असं कुणी म्हणालं, तर तो किटकॅटमध्ये चार पदर पिळणाऱ्याचाच वारस समजा. खरेदी ठाण्यात स्टेशन रोड-जांभळी नाक्याच्या बाजूला होते. मोठं काम असेल तर मुंबईच्या लोहार चाळीत जा, लोकलचं भाडं सुटतं. पण मटेरियलची यादी मिस्त्रीकडून लिहून घेऊन जा, आणि मजुरी पॉइंटवर (दर दिवा, पंखा, सॉकेटमागे) ठरली आहे की एकरकमी, हे आधीच बोलून घ्या. या एका गोष्टीवरून जेवढी भांडणं पाहिली, तेवढी मी सोसायटीच्या पार्किंगवरूनही पाहिली नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दाराबाहेर. मीटर खाली मीटर रूममध्ये असतो, तुम्ही चौथ्या मजल्यावर. मीटरपर्यंतची लाईन आणि मीटर महावितरणचा, त्याच्या सीलला तुम्ही किंवा तुमच्या मिस्त्रीने हात लावायचा नाही. मीटरशी अप्रामाणिकपणे केलेली छेडछाड वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीत मोडते. मीटरच्या पुढची, डक्टमधून वर चढणारी केबल मात्र तुमची. लोक घरात झकपक डबा बसवतात आणि ही मेन केबल तीस वर्षांपूर्वीचीच ठेवतात. तिच्याकडे आधी बघा. बहुतेक घरांना ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची चालते. दोन एसी असतील तर मिस्त्रीला हिशोब करून सांगायला लावा. डक्टमधून नवीन केबल ओढायची तर सोसायटीला अर्ज द्या. सेक्रेटरी खडूस असले तरी "जुनी वायर तापतेय, आगीची भीती आहे" हे वाक्य लेखी दिलं की लवकर सही होते.

पुढचा टप्पा मंजूर भाराचा. लाईटबिलावर तो आकडा छापलेला असतो. घरात त्याहून जास्त लोड जाणार असेल तर महावितरणकडे भार वाढवून मागा, अर्ज ऑनलाइन होतो. परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून मिस्त्री निवडतानाच विचारा, "रिपोर्ट कोण देणार?" रिसेलचं घर असेल तर बिल कुणाच्या नावावर आहे तेही बघा. आमच्याकडे ते मूळ मालकाच्या नावावरच चाललं होतं आणि दर महिन्याला आम्ही बिनबोभाट भरत होतो. आधी नावबदल, मग भारवाढ. ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो, तो मोबाइलमध्ये ठेवा. तक्रारीसाठी १९१२. ठाण्याजवळ कळवा, मुंब्रा किंवा दिवा भागात घर घेतलं असेल तर तिथलं वितरण २०२० पासून टोरंट या खासगी कंपनीकडे आहे, त्यामुळे दार वेगळं.

कामाच्या दिवशीची गोष्ट. काकांनी खाली जाऊन आमच्या लाईनचे दोन्ही किटकॅट काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. मला वाटलं, विसरभोळे आहेत. ते म्हणाले, "वहिनी, फ्यूज माझ्या खिशात असला की खालून कुणी लाईट चालू करूच शकत नाही." अर्ध्या तासात वॉचमन विचारायला आलाच, चौथ्या मजल्याची लाईट का गेली, लावून देऊ का! आता खाली एमसीबी असतात, ते खिशात घालता येत नाहीत. पाडून त्यावर टेप मारा, "काम चालू आहे" अशी चिठ्ठी लावा, आणि घरातलं एक माणूस खाली बसवा.

अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वायर, हा जुन्या घरांचा सगळ्यात खोटा भाग. सॉकेटला तीन भोकं असतात, वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. आरसीसीबी लावण्याआधी मिस्त्रीला १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरला लावून तपासायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढा लख्ख पेटतो, तेवढाच फेज आणि अर्थमध्ये पेटायला हवा. मिणमिणला तर अर्थिंग गेलेलं आहे, इमारतीच्या खड्ड्यापासून दुरुस्ती करावी लागेल. काही महाभाग सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडून देतात. हे कधीही होऊ देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजच्या पत्र्यातच करंट उतरतो.

नवीन डबा लागला की पहिल्या पावसात आरसीसीबी पडणार, हे धरून चाला. आमचा एका संध्याकाळी तीनदा पडला. दुसरा एक मिस्त्री म्हणाला, "काढून टाकू, डोकेदुखी आहे." मी काढू दिला नाही. सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याने पडतो, तिथे दोष. बंद केलेल्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचं सॉकेट होतं, भिंत ओलावली होती. एमसीबी खाली असूनही पडत असेल तर प्लगसुद्धा काढून बघा, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि जुन्या वायरिंगमध्ये दोन लाईनींचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. आरसीसीबीच्या पुढच्या आणि बाहेरच्या लाईनींचे न्यूट्रल असे गुंतले असतील तर तो टिकतच नाही. ते वेगळे करणं किचकट काम आहे, मिस्त्रीला त्याचे पैसे द्या, पण करून घ्या. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडला नाही तर बदलायचा.

भाड्याने राहणार असाल तर हे सगळं डिपॉझिट देण्याआधी. बोर्डाचा फोटो काढा, डब्यात आरसीसीबी आहे का बघा, नसेल तर घरमालकांना नम्रपणे सांगा. अकरा महिन्यांच्या करारासाठी कोण खर्च करणार, असं ते म्हणतील. आमच्या भाच्याने अर्धा खर्च भाड्यातून वळता करून घेतला. एसी लावायचा विचार असेल तर स्वतंत्र लाईन कोण ओढणार, हे करारातच लिहून घ्या.

आणि वेळ साधा. गणपतीच्या आधी पंधरा दिवस इथे चांगला इलेक्ट्रिशियन मिळत नाही, सगळे मांडवात असतात, तिथून ते थेट दिवाळीनंतर हाती लागतात. काम झाल्यावर डब्याच्या झाकणाच्या आत कोणता एमसीबी कशाचा, ते घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहून चिकटवा. आमच्या डब्यावर सासूबाईंचं अक्षर आहे. देवघराच्या दिव्याची लाईन त्यांनी पहिली लिहिली, गिझर शेवटी.