पायथन शिकताना गाडी अडते तेव्हा

सर फळ्यावर करून दाखवतात तेव्हा सगळं कळतं. घरी कोरी स्क्रीन समोर आली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका क्लासला मी दोन महिने गेलो, वही भरून कोड उतरवला, आणि स्वतःहून दहा ओळी लिहायची वेळ आली तेव्हा हात थांबला. डोकं कमी पडतंय असं वाटलं होतं. खरं तर मी फक्त बघत होतो, करत नव्हतो.

प्रोग्रामिंगची एकच भाषा धरा. जावा की पायथन या वादात आठवडे जातात. मी पायथन धरून सांगतो. व्हिडिओ किती जुना आहे तेवढं बघून घ्या. पायथन २ चा सांभाळ २०२० च्या सुरुवातीला थांबला, आणि त्या काळातला बिनकंसाचा ‘प्रिंट’ (स्क्रीनवर मजकूर दाखवायची कमांड) आजच्या पायथनमध्ये एरर देतो. त्यात चूक तुमची नसते.

आपल्या रोजच्यातलं गणित घ्या. पुस्तकातली विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी कुणाला हवी असते? पावसाळ्यात सांगलीत जो तो विचारतो, “आयर्विनला किती झालं?” म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पातळी टाकली की ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ सांगणारा प्रोग्राम लिहायचा, बस्स. आधी कागदावर मराठीत लिहा: पातळी विचार, ४५ किंवा जास्त असेल तर धोका म्हण, नाहीतर पुढचं बघ. हे कागदावर जमलं नाही तर कीबोर्डवरही जमणार नाही.

दोन ओळी लिहा, लगेच चालवून बघा. कॉपी-पेस्ट नको, हाताने टाईप करा. चाळीस ओळी लिहून मग रन केलं तर चूक शोधायला संध्याकाळ जाते. कमांड इंग्रजीतच टाईप कराव्या लागतात, पण चलाचं, म्हणजे आकडा ज्यात ठेवतो त्या जागेचं, नाव ‘पातळी’ असं देवनागरीत दिलेलं पायथन ३ ला चालतं. मला त्याची मजा वाटली होती.

एररची लाल अक्षरं शेवटून वाचा. इथे सगळ्यात जास्त मुलं सोडून देतात, म्हणून जरा थांबतो. ‘इनपुट’ या विचारून घेणाऱ्या कमांडने पातळी घेतली, ती ४५ शी ताडून पाहिली, आणि स्क्रीनवर टाइपएरर आला. घाबरून खिडकी बंद करू नका. सगळ्यात खालची ओळ वाचा. ती सांगते की मजकूर आणि संख्या यांची अशी तुलना होत नाही. म्हणजे तुम्ही ४१ टाकलंत ते पायथनच्या लेखी आकडा नव्हताच, ती ४ आणि १ ही दोन अक्षरं होती. ‘इनपुट’ नेहमी मजकूरच देतं. त्याला ‘फ्लोट’मध्ये गुंडाळा, म्हणजे मजकुराची दशांश संख्या होते, काम झालं.

काही जण उलटा उपाय करतात, ४५ लाही अवतरणात घालतात. एरर जातो, पण मग ९ फुटांनाही ‘धोका’ येतो! अक्षरं ताडताना ९ हे ४ च्या पुढे, म्हणून. सिंटॅक्सएरर, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमातली चूक, आला तर दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघा. न मिटलेला कंस कधीकधी तिथे सापडतो.

एरर आला नाही तरी उत्तर तपासा. मी पुढे एक ओळ वाढवली: धोक्याला किती बाकी? पातळी कळली ४४ फूट १० इंच, मी टाकलं ४४.१०. उत्तर आलं ०.८९ आणि पुढे नऊंची रांग. ती रांग सोडा, संगणक दशांश द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ मध्ये) ठेवतो, त्यामुळे असं होतं. पण ०.९ फूट म्हणजे जवळपास ११ इंच, आणि खरे उरले होते दोनच इंच. मी इंचांना दशांश समजलो होतो. फूट वेगळे विचारा, इंच वेगळे, इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवा. ही चूक मला माझ्या काकांनी दाखवली. २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी आलं होतं, कोड त्यांना अजिबात येत नाही.

अडलात तर अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मग उठा, कुणाला तरी तोंडाने सांगा, ‘मी हे केलं, हे व्हायला हवं होतं, हे झालं.’ निम्म्या वेळा सांगतानाच सापडतं. एआयला विचारलंत तरी आधी एररचा अर्थ विचारा, तयार कोड मागू नका.

शेवटी मुद्दाम वेडेवाकडे आकडे टाका: ०, ३९, ५७. ५७ ला ‘इशारा’ आलं तर तुम्ही ४० ची अट ४५ च्या आधी लिहिली आहे. बरोबर ४० टाकल्यावर ‘सुरक्षित’ आलं, तर ‘पेक्षा मोठा’च्या चिन्हापुढे बरोबरचं चिन्ह लिहायचं राहिलंय.