इंग्लंडमधलं जीसीएसई लॅटिन: मुलांची तयारी कशी करून घ्यावी

मी इंग्लंडमध्ये लॅटिन शिकवते आणि जीसीएसईची, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेची, तयारी करून घेते. ओळखीच्या मराठी घरांतून दर सप्टेंबरला मला एकच प्रश्न येतो: "मॅडम, पुस्तक कोणतं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पुस्तकाचं नंतर बघू. आधी शाळेला विचारा, बोर्ड कोणतं आहे आणि त्यातले कोणते पेपर निवडलेत.

परीक्षा घेणारी बोर्डं मुख्यतः दोन आहेत, ओसीआर आणि एड्युकास. दोन्हींत निम्मे गुण भाषेच्या दीड तासाच्या पेपराला आहेत. फरक उरलेल्या निम्म्यात आहे. ओसीआरमध्ये पाच पर्यायांतून दोन पेपर निवडले जातात: गद्याचे दोन, पद्याचे दोन, आणि एक 'साहित्य आणि संस्कृती'. प्रत्येक पेपर एक तासाचा आणि २५ टक्क्यांचा. एड्युकासमध्ये एक साहित्याचा पेपर ३० टक्क्यांचा असतो. दुसरा २० टक्क्यांचा, आणि त्यात कथात्मक साहित्य किंवा रोमन संस्कृती यांतून निवड असते. एड्युकासच्या साहित्य परीक्षेत नेमलेल्या मजकुराची, टिपा न लिहिलेली प्रत जवळ ठेवता येते, ओसीआरमध्ये ती सोय नाही. घरी पाठांतरावर किती वेळ घालवायचा, हे या एका गोष्टीवर ठरतं. म्हणूनच हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा. निवड बहुतेक वेळा शाळा करते, मूल नाही.

दुसरं काम म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका बाजूला काढणं. आताचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१६ पासून शिकवला जातो आणि त्याची पहिली परीक्षा २०१८ मध्ये झाली. त्याआधी सोपी आणि कठीण अशा दोन पातळ्या होत्या. आता सगळ्यांना एकच पेपर असतो. तुकड्यातुकड्यांनी परीक्षा देणंही आता नाही. सगळं काही शेवटच्या उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये. श्रेणीही ए-स्टार ते जी नसून ९ ते १ आहेत. जुना ए जिथून सुरू व्हायचा तिथून आता ७ सुरू होतो, आणि जुना सी तिथे ४. मोठ्या भावंडांच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या सल्ल्यावर चालणाऱ्या घरांनी हे नीट लक्षात घ्यावं. २०१८ पूर्वीचे उतारे भाषांतराच्या सरावाला चालतात, पण पेपराची रचना आणि वेळेचा हिशेब त्यांवरून शिकू नये.

आता खरा अभ्यास. बोर्ड शब्दांची ठरावीक यादी देतं, साधारण साडेचारशे शब्दांची. परीक्षेच्या उताऱ्यात यादीबाहेरचा शब्द आला तर त्याचा अर्थ पेपरावर छापलेला असतो. यादीतल्या शब्दाचा मात्र देत नाहीत. त्यामुळे यादी पूर्ण पाठ हवी, आणि तीही रूपांसकट. क्रियापदाची चारही मुख्य रूपं तोंडपाठ नसतील तर 'फेरो' येणाऱ्या मुलाला 'तुलित' दिसल्यावर काहीच सुचत नाही, कारण दोन्ही रूपं एकाच क्रियापदाची असली तरी तसं दिसत नाही. रोज दहा मिनिटं यादीला द्यावीत, आणि ती मोठ्याने म्हणून. कागद हातात धरून एका बाजूने विचारायला आईबाबांना लॅटिन यायची गरज नाही.

भाषेच्या पेपरात आपल्या मुलांना एक मोठा आधार आहे आणि तो बहुतेक घरांत वापरलाच जात नाही. मराठीत शब्दाचं काम प्रत्ययावरून कळतं. 'नोकर धन्याला शोधतो' म्हणा की 'धन्याला नोकर शोधतो' म्हणा, शोधणारा नोकरच. लॅटिनमध्येही अगदी तसंच. 'सेर्वुस दोमिनुम क्वाएरित' आणि 'दोमिनुम सेर्वुस क्वाएरित' यांत शोधणारा सेर्वुसच. इंग्रजीची सवय झालेलं मूल पहिलं नाम दिसलं की त्यालाच कर्ता करून टाकतं आणि 'धनी नोकराला शोधतो' असं लिहून येतं. उतारा वाचताना मुलाला आधी मराठीत सांगायला लावा: 'ने' कुठे लागेल, 'ला' कुठे, 'चा' कुठे. विभक्ती ओळखण्याचा यापेक्षा भरवशाचा सराव मला माहीत नाही.

पुढची दोन प्रकरणं मुलांना जड जातात आणि दोन्हींत मराठी उपयोगी पडते. 'उर्बे काप्ता' यासारखी सुटी जोडी बहुतेकदा वाक्याच्या सुरुवातीला येते. ज्यांनी संस्कृत शिकलंय त्यांना सती सप्तमी आठवेल. इतरांनी '-ल्यावर' लावून पाहावं: शहर जिंकल्यावर. इतकं पुरतं, मग इंग्रजी वाक्य आपोआप जुळतं. दुसरं म्हणजे कुणी काय म्हणालं ते सांगणारी वाक्यं. 'नुन्तियुस दिक्सित रेगेम वेनीरे' याचं मराठी 'राजा येत आहे, असं दूत म्हणाला'. म्हणणं भूतकाळातलं आणि येणं त्याच वेळचं, म्हणून आपण वर्तमानकाळ तसाच ठेवतो. इंग्रजी तिथे काळ मागे ढकलते. मुलाला अर्थ बरोबर समजलेला असतो, पण उत्तर इंग्रजीत लिहिताना हा काळ बदलायचा राहतो आणि हातातला गुण जातो. ही जागा लाल पेनाने खूण करून ठेवण्यासारखी आहे.

गुण कसे देतात तेही मुलांना माहीत हवं. भाषांतराचा उतारा छोट्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला अर्थ किती पोचला त्यानुसार गुण देतात. एखादी बारीक चूक झाली तर बहुतेक गुण मिळतात, कोरी जागा सोडली तर एकही नाही. अडलेल्या वाक्यात क्रियापद आणि कर्ता सापडले तरी तेवढं लिहूनच पुढे जावं.

याच पेपरात १० गुणांसाठी निवड असते: इंग्रजीतून तीन सोपी वाक्यं लॅटिनमध्ये करायची, किंवा उताऱ्यातल्या व्याकरणावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ज्या मुलाचे प्रत्यय पक्के आहेत त्याने मी तरी पहिला पर्याय घ्यायला सांगते. इतरांनी दुसरा. निर्णय मात्र जानेवारीपर्यंत व्हावा, परीक्षेच्या खोलीत नव्हे.

साहित्याकडे वळू. नेमलेले उतारे ठरावीक वर्षांनी बदलतात, तेव्हा आपल्या मुलाच्या परीक्षेच्या वर्षाचे कोणते ते बोर्डाच्या यादीत तपासा. भावाच्या वह्या बहिणीला चालतीलच असं नाही. मुलं काय करतात, तर वर्गात मिळालेलं इंग्रजी भाषांतर पाठ करतात आणि तिथेच थांबतात. भाषांतर यायलाच हवं, पण गुणांचा मोठा वाटा लेखकाने परिणाम कसा साधला हे सांगण्याला आहे. त्यासाठी तीन पायऱ्यांची सवय लावा: लॅटिन शब्द उचलायचे, त्यांचा अर्थ द्यायचा, आणि ते शब्द तिथे, त्या क्रमाने का आलेत ते सांगायचं. 'इथे अनुप्रास आहे' एवढ्याने काही मिळत नाही. त्या 'स'च्या पुनरुक्तीतून सापाचा फूत्कार ऐकू येतो, असं म्हटलं की मिळतं. ज्या घरात मूल ओव्या-अभंग ऐकत वाढलंय, तिथे हे ऐकायचा कान तयार असतो. रोमन कवी व्हर्जिलच्या ओळी आधी मोठ्याने वाचू द्या, मग लिहायला लावा.

शाळेत लॅटिनच नसेल तर? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली आकडेवारी अशी: खाजगी शाळांपैकी ४९ टक्के शाळांत खालच्या वर्गांना लॅटिन होतं, सरकारी शाळांपैकी फक्त २.७ टक्के. ही दरी भरायला त्याच वर्षी सरकारने ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली, ४० सरकारी शाळांसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये, शाळेचं वर्ष अर्धं उरलं असताना, तिचे पैसे थांबवले. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण ती मुलं परीक्षेच्या तोंडावर होती. पण वाट बंद नाही. वर्षभराच्या गुणांची भानगड नसल्याने लॅटिन खाजगी उमेदवार म्हणून देता येतं. बाहेरचे उमेदवार घेणारं परीक्षा केंद्र शरद ऋतूतच शोधा. उन्हाळी परीक्षेच्या नोंदणीची मुदत सहसा २१ फेब्रुवारीला संपते, आणि केंद्रं आपली मुदत त्याच्याही आधी ठेवतात.

ए-लेव्हलचा, म्हणजे जीसीएसईनंतरच्या पुढच्या परीक्षेचा, विचार असेल तर ओसीआरची विभागणी लक्षात ठेवा: अनोळखी उताऱ्यांचं भाषांतर ३३ टक्के, गद्यरचना किंवा आकलन १७, गद्य आणि पद्य साहित्य प्रत्येकी २५. तिथे अनोळखी उतारेच मुलांना सर्वांत जास्त थकवतात. म्हणून जीसीएसईचा शेवटचा पेपर आणि सप्टेंबर यांच्या मधल्या सुट्टीत आठवड्याला दोन छोटे उतारे शब्दकोश न उघडता वाचायला सांगा, आणि न कळलेल्या शब्दांची यादी शेवटी एकदाच काढायला.