मागच्या सीटवर गाडी लागत नाही, तीच घ्या

गाडी चालवायचा नाद असलेल्या माणसावर घरासाठी गाडी घ्यायची वेळ आली, की घरात दोन पक्ष पडतात. एकीकडे तुम्ही एकटे, टर्बो आणि टॉर्कच्या गप्पा हाणत. दुसरीकडे बाकी सगळं घर: डिकी केवढी, ॲव्हरेज किती, आईंना चढता-उतरता येईल का. आमच्या घरात हा नाद मला आहे, नवऱ्याला नाही, एवढाच काय तो फरक. पण बऱ्याच गाड्या चालवून आणि मुख्य म्हणजे बऱ्याच गाड्यांत मागे बसून माझं मत पक्कं झालंय, की या भांडणात फारसा दम नाही. घाटात मागे बसलेल्याला जी गाडी लागत नाही, ती चालवायलाही चांगलीच निघते. माणसाला गाडी लागते ती हळू, लांब झोक्यांनी आणि ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या हिसक्यांनी. वळणावर कलंडून पुन्हा सावरायला वेळ घेणारी गाडी मागच्याला मळमळ देते आणि चालवणाऱ्याला भरवसा देत नाही. दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या, असतात.

हे तपासायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. पन्हाळा आणि जोतिबा दारात आहेत. कोकणात उतरायचं म्हटलं तर आंबा, भुईबावडा, करूळ, फोंडा नाहीतर आंबोली, कुठला तरी घाट लागतोच. तरीही लोक हायवेवर पाच किलोमीटर गाडी मारतात, यू-टर्न घेऊन शोरूमला परत येतात, चहा घेतात आणि बुकिंग करतात. अशा टेस्ट ड्राइव्हमध्ये एसी गार पडतो का, एवढंच कळतं.

तुम्ही तासभर मागून घ्या. कामाच्या दिवशी सकाळी सकाळी शिवाजी पुलावरून बाहेर पडा, केर्लीवरून वाघबीळ आणि तिथून वर पन्हाळा. सगळं घर सोबत घ्या. सेल्सच्या पोराला मागे मधल्या सीटवर बसवा. तो जरा कुरकुरतो, पण भरलेली गाडी कशी वागते हे कळायला पाच माणसं लागतात, आणि मधल्या सीटबद्दल तो त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलतो.

जाताना स्वतः मागे बसा. हे आम्हा नादिष्टांना सगळ्यात अवघड जातं. गावातल्या स्पीडब्रेकरवर लक्ष ठेवा. मागची बाजू एकदा खाली गेली, वर आली आणि बसली, तर ठीक. दोन-तीनदा हेलकावत राहिली, तर शॉकॲब्सॉर्बर ढिले आहेत असं समजा, मग शोरूमवाला त्याला कितीही ‘कम्फर्ट’ म्हणो. हीच गाडी वाघबीळच्या वळणांवरही तशीच डोलणार. उलट रस्त्यावरची प्रत्येक भेग कमरेला कळत असेल तर तीही नको. आमचा पाचवीतला मुलगा वाघबीळ जवळ आलं की खिडकी खाली करायला लागतो. त्याने खिडकीला हात न लावता गाडी वर पोचली, की मी ती गाडी यादीत ठेवायची.

परतीला तुम्ही चालवा, आणि सर्वात आधी ब्रेक बघा.

आमचं गोकुळ शिरगावला छोटं मशीन शॉप आहे. ब्रेक ड्रम आणि डिस्कची कास्टिंगं (ओतीव भाग) फौंड्रीतून आमच्याकडे टर्निंगला, म्हणजे लेथवर कातायला, येतात, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलते, ते चालवून घ्या. व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि त्यांच्या मधोमध उभ्या पाकळ्या. कास्टिंग ओतताना साच्यात वाळूचा कोअर, म्हणजे गाभा, बसवून त्या पाकळ्यांमधली पोकळी काढतात. डिस्क फिरली की ती हवा आतून बाहेर फेकते आणि सोबत उष्णता घेऊन जाते. ड्रममध्ये घासणारा भाग आत झाकलेला असतो. तिथे उष्णता कोंडते, ड्रम तापून फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूपासून लांब सरकतो आणि पेडल खोल जायला लागतं. हे ऐकून लगेच ‘चारी चाकांना डिस्क’वाली गाडीच पाहिजे असा हट्ट धरू नका. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि बहुतेक काम पुढची चाकंच करतात. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आणि मागे ड्रम ही घरच्या गाडीला पुरेशी जोडी आहे. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाने गाडी धरलीत, तर त्या ड्रमची परीक्षा घ्यायची वेळच येत नाही.

त्यापेक्षा पेडल कसं आहे ते महत्त्वाचं. साठच्या वेगावरून हळूहळू दाब वाढवत थांबा आणि आरशात मागच्यांच्या माना बघा. काही गाड्यांत पाय नुसता टेकवला तरी ब्रेक चावतो आणि सगळ्यांच्या माना एकदम होकार देतात. काहींत अर्धं पेडल पोकळ जातं आणि मग अचानक सगळं येतं. दाबाल तेवढंच थांबणारी गाडी मिळाली, तर तिच्या बाकीच्या दोन चुका माफ करायला हरकत नाही.

इंजिनाबद्दल नादिष्ट लोक पॉवर बघतात आणि घरचे ॲव्हरेज. घाटात दोन्हीपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, किती खालच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो ते कामाला येतं. होंडा सिटीचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन १२१ पीएस पॉवरचं आणि स्कोडा-फोक्सवॅगनचं एक लिटर टर्बो (जास्तीची हवा दाबून आत घेणारं इंजिन) ११५ पीएसचं. कागदावर सिटी पुढे. पण सिटीचा टॉर्क १४५ न्यूटन मीटर, तोही ४,३०० आरपीएमला. टर्बोचा १७८, आणि तो १,७५० पासूनच हाताशी येतो. सिटीचं इंजिन वर फिरवायला गोड आहे, मला स्वतःला आवडतं. पण पाच माणसं घेऊन ते ओरडवत घाट चढायला लागलात, की मागून “जरा हळू” येणारच, वेग चाळीस असला तरी.

टर्बोचंही एक दुखणं आहे. आरपीएम दीड हजाराच्या खाली गेले की लहान टर्बो इंजिन मलूल होतं. म्हणून पन्हाळ्याचा चढ एकदा स्वतःही चालवत चढा: एखाद्या घट्ट वळणात मुद्दाम दुसऱ्या गिअरवर हळू शिरा, एसी चालू ठेवा, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर द्या. गाडी ओढते, की पहिल्या गिअरची भीक मागते? हे उत्तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. शून्य ते शंभरचा आकडा विसरून जा. ती हौस फेडायला कोल्हापुरात गो-कार्टचा ट्रॅक आहे.

ऑटोमॅटिक हवी असेल तर प्रकार विचारून घ्या, कारण सेल्सवाले सगळ्यांना सरसकट ‘ऑटो’ म्हणतात. एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं) स्वस्त पडते आणि ॲव्हरेज चांगलं देते, पण चढावर गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि सगळे पुढे-मागे होतात. गाडी लागणारं पोर घरात असेल तर हा प्रकार टाळलेला बरा. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा) घरासाठी सगळ्यात निवांत. सीव्हीटी (ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी) दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत छान, घाटात मात्र इंजिन एका सुरात ताणत बसते. ड्युअल क्लच (दोन क्लचांनी झटपट गिअर बदलणारा) चालवायला झकास, पण ड्राय क्लचवाला, म्हणजे क्लच तेलात नसलेला, असेल तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय सोडावी लागेल, क्लच तापतो. मी मॅन्युअलच घेतली. नवऱ्याने महिनाभर तोंड पाडलं, आता चालवतो.

सासूबाईंचे गुडघे हा आमच्याकडचा खरा पेच होता. मला जमिनीला धरून पळणारी सेडान हवी होती. गाडी जितकी खाली, तितकी वळणावर शहाणी, यात शंका नाही. पण त्यांना सेडानमधून उतरताना मी नीट पाहिलं: एक हात दाराच्या कडेवर, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीवर, मग एक झोका, आणि दुसऱ्या झोक्याला त्या उभ्या. मोठ्या एसयूव्हीत उलटं. चढताना पाय उचलेना, मग साडी सावरत “राहू दे गं, मी घरीच थांबते.” सीट त्यांच्या ढोपराच्या जरा वर येईल, म्हणजे बसायला ना वाकायचं ना चढायचं, अशी उंची लहान क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे सेडानपेक्षा उंच पण मोठ्या एसयूव्हीपेक्षा बुटक्या गाडीत, मिळाली. तुमच्या घरात वयस्क माणूस असेल तर त्यांना तीनदा बसवा-उठवा, आणि तेही शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर रस्त्याच्या उताराला.

स्वतःच्या बसण्याकडेही बघा. स्टिअरिंग वर-खाली होतं तसं पुढे-मागेही होतं का? क्लच दाबताना गुडघा स्टिअरिंगखाली अडतो का? डाव्या पायाला टेकायला जागा आहे का? आणि पुढच्या काचेच्या बाजूचा उजवा खांब किती जाड आहे? आपल्याकडे उजव्या वळणावर तोच खांब समोरून येणारी एसटी झाकतो. हे उभ्या गाडीत लक्षात येत नाही.

चाकांचा मोह आवरा. मोठे अलॉय दिसायला भारी, पण टायरची भिंत तेवढी बारीक होते. २०५/५५ म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद आणि भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिलिमीटर. २०५/६० असेल तर १२३. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर तो एक सेंटिमीटर रिम वाचवतो आणि मागच्यांची कंबरही. खालच्या व्हेरिएंटला लहान चाकं मिळत असतील तर तेच घ्या, उरलेल्या पैशात नंतर चांगले टायर येतील.

डिकीसाठी लिटर पाठ करू नका. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेडानची ५२१ लिटर आहे, भरपूर, पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं आणि कडा उंच. घरातली सगळ्यात मोठी बॅग शोरूमला घेऊन जा आणि टाकून बघा. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर कुठे बसतो ते आधी बघा.

पैशाचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललंय. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत येते. त्यापेक्षा लांब असली की ४० टक्के. म्हणजे तेच एक लिटर टर्बो स्लाव्हियात घेतलंत तर वरच्या कराने आणि स्कोडाच्याच चार मीटरच्या आतल्या कायलॅकमध्ये घेतलंत तर खालच्या. आम्ही कायलॅक घेतली. मागे तिघं मोठी माणसं कोंबून बसतात, हे खरं आहे, आणि मधल्याचे पाय सुखात नसतात. पण गंगावेशीच्या गल्लीत वळते, घाटात एका झोक्यात सावरते, आणि भारत एनसीएपीच्या, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षितता बघायच्या, चाचणीत तिला पाच स्टार आहेत. ही चाचणी २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. कुठलीही गाडी बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे बघा, आणि मागच्या मधल्या सीटला पूर्ण तीन टोकांचा बेल्ट आहे की नुसता कमरेचा, तेही.

एक चक्कर अंधार पडल्यावर मारा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही. हाय बीम समोरच्यामुळे बहुतेक वेळ वापरताच येत नाही, म्हणून लो बीमचा उजेड डाव्या कडेला किती लांब पडतो ते बघा. पुष्कळ गाड्यांचे एलईडी दिसायला पांढरेशुभ्र, पण ओल्या डांबरावर उजेड कुठे जातो तेच कळत नाही.

बजेट कमी असेल आणि चालवायची मजा हवी असेल, तर जुन्या बाजारात पोलोसारखी गाडी अजून मिळते. ती २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे घेण्याआधी आपल्या मेकॅनिकला विचारून घ्या की तो या इंजिनाला हात लावतो का. आणि कोल्हापुरात जुनी गाडी घेताना २०१९ आणि २०२१ चा महापूर डोक्यात ठेवा. गाडी बाहेरून धुऊन पॉलिश होते, पण सगळं धुतलं जात नाही. चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी आत गुंडाळलेला जो भाग असतो, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर गंज आहे का ते बॅटरी मारून बघा. स्टेपनी उचला आणि तिच्या खालच्या खळग्यात बोट फिरवा, गाळ असेल तर बोटाला लागतो. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि दार उघडून वास घ्या. विम्याच्या क्लेमचा इतिहास लेखी मागा. मालक “तो कागद नंतर देतो” म्हणाला, तर टोकनसुद्धा देऊ नका.