फॉर्मॅटरचं 'कसं वापरायचं' हे पान असं लिहा की कोणी विचारायला येणार नाही

नागपूरच्या परसोडीच्या आयटी पार्काबाहेर चहाच्या टपरीवर नवीन आलेले पोट्टे फॉर्मॅटरबद्दल (म्हणजे कोडमधल्या जागा, ओळी, कोट सारखे करून देणारं टूल) सिनियरला हमखास विचारतात, "भाऊ, ही कमांड मारली तर माझी फाईल बदलून जाईल का बे?" प्रश्न बरोबरच आहे, पण त्याचं उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये कुठंतरी ऑप्शनच्या लांबलचक यादीत दबून राहते, नाहीतर नसतेच.

म्हणून सगळ्यात आधी, इन्स्टॉल कसं करायचं याच्याही वर, हेच लिहा की नुसती कमांड मारली तर फाईलचं काय होते. प्रत्येक टूलचं वेगळं आहे ना. पायथनचा ब्लॅक आणि रस्टचा रस्टएफएमटी न विचारता सरळ फाईलच बदलून टाकतात, आणि गोएफएमटी, क्लँग-फॉरमॅट, प्रेटियर हे नुसतं स्क्रीनवर दाखवतात, फाईलला हातही लावत नाहीत, त्यांना वेगळं सांगावं लागते, गोएफएमटीला सिंगल डॅश डब्ल्यू, क्लँगला सिंगल डॅश आय, प्रेटियरला डबल डॅश राईट. एका टूलची सवय लागलेला माणूस दुसऱ्यावर आला की अंदाज चुकणारच, त्याला दोष देऊन काय फायदा.

मग एक नमुना द्या, आधी आणि नंतर. ब्लॅकसाठी एवढं पुरे:

आधी: संत्री=[ 'मृग','आंबिया' ]
नंतर: संत्री = ["मृग", "आंबिया"]

(पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालते, करून बघा.) जागा सारख्या झाल्या, सिंगल कोटचे डबल कोट झाले, अर्थ तोच राहिला, हे वाचणाऱ्याला एका नजरेत दिसते, त्यासाठी परिच्छेद लिहायची गरज नाही.

आता 'युसेज' म्हणून जी एक ओळ असते, चौकोनी कंस आणि तीन टिंबंवाली, ती तशीच चिकटवून मोकळे होऊ नका. कंसातलं दिलं नाही तरी चालते आणि तीन टिंबं म्हणजे एकापेक्षा जास्त फाईल देता येतात, हे कॉलेजात कोणी सांगत नाही, तुम्हीच लिहा.

उदाहरणं माणूस ज्या क्रमानं करेल त्याच क्रमानं द्या. ब्लॅकचंच धरा, पहिले डबल डॅश डिफ, म्हणजे काय बदलणार ते नुसतं दिसते. मग एक फाईल. मग कमांडच्या पुढं एक डॉट, म्हणजे हे अख्खं फोल्डर, आणि इथंच ठळक लिहा की आधी गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारं टूल) कमिट करून घ्या, म्हणजे आताची प्रत जपून राहील.

डबल डॅश चेकबद्दल मात्र नीट सविस्तर लिहा, कारण सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप होणारी तपासणी) तेच लागते. ब्लॅक तेव्हा फाईल बदलत नाही, फक्त एक आकडा परत देते: ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे काही फाईली फॉर्मॅट करायच्या राहिल्या, १२३ म्हणजे टूलच आतून अडकलं. हे लिहिलं नसलं तर १ दिसल्यावर पोरगं 'एरर आली' म्हणून टूलच पुन्हा इन्स्टॉल करत बसते.

ओळीची लांबी ८८ अक्षरं ही ब्लॅकची डिफॉल्ट आहे, बदलायची तर प्रोजेक्टच्या सेटिंगवाल्या पायप्रोजेक्ट फाईलमध्ये (pyproject.toml) बदला, म्हणजे सगळ्यांना एकच लागू होईल. एवढं एका वाक्यात सांगितलं तरी चालते.

आणि हो, कमांड वर्डमध्ये टाईप करू नका, ते दोन डॅश जोडून एक लांब रेघ करून टाकते आणि कॉपी-पेस्ट केली की कमांड चालतच नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहा.

शेवटी, ज्यानं हे टूल कधी वापरलं नाही अशा कोणाला तरी पान द्या आणि बाजूला गुपचूप बसा, मधात बोलू नका. तो जिथं थांबून तुमच्याकडं बघेल त्याच ओळीत उत्तर टाका, खाली 'नेहमीचे प्रश्न' म्हणून वेगळा ढीग लावू नका, तिथपर्यंत कोणी जात नाही.