सगळ्या सुरकुत्या रंगवू नका

तैलरंगात वडिलांच्या हातांचं चित्र काढायला घेतलं तेव्हा शून्य नंबरचा बारीक ब्रश घेऊन एकेक सुरकुती काढत बसलो. तिसऱ्या दिवशी हात नकाशासारखा दिसायला लागला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस त्यात कुठेच नव्हता. सगळं पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, खरवडून काढलं.

दुसऱ्या खेपेला आधी ठरवलं, उजव्या अंगठ्याचं चेचलेलं नख हीच या चित्राची गोष्ट. हे ठरल्याशिवाय ट्यूब पिळू नका.

सावल्या पातळच ठेवा. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनने इतका पातळ करा की कॅनव्हासची वीण दिसली पाहिजे. जाड रंग उजेडासाठी राखून ठेवायचा. बोटांवर ब्रश आडवा, गोलाईच्या अंगाने फिरवा. मनगटाकडे जाणाऱ्या शिरांवर उभा. मी डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश वापरतो, कारण त्याच्या केसांचे चरे रंगात उमटून राहतात आणि राबलेल्या कातडीला ते शोभतात.

नखाला मात्र भरपूर रंग घ्या, एकदाच टेकवा आणि उचला. कड वर येते, तिच्यावर खोलीतला खरा उजेड अडतो. दुसऱ्यांदा हात लावायचा मोह होतोच. ब्रश खाली ठेवून उठा, चहा प्या. गुळगुळीत केलंत की नख मेलं.

जुना व्रण काढायचा तर ओल्या रंगातच ब्रशच्या दांड्याच्या टोकाने ओरखडा ओढा, खालचा थर उघडा पडतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६२८च्या सुमाराच्या आत्मचित्रात कुरळे केस असेच कोरलेत.

हातावर बसलेली लाकडाच्या भुशाची पूड सगळ्यात शेवटी रंगवा. खालचा थर वाळल्यावर ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि हलकेच ओढा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात.

मग खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने धरा. सगळीकडे सारखाच खडबडीतपणा दिसला तर डोळ्याला थांबायला जागा नाही, काहीतरी खरवडावं लागणार.

बाही मी चार फटकाऱ्यांत उरकली होती. आई म्हणाली, "बटण राहिलं की रे." राहिलंच होतं. राहू दिलं.