गोचिडाची लस टोचली, तरी गोचीड तसेच? या चुका टाळा

लस देऊनही गाईच्या अंगावर गोचीड दिसतात, ही तक्रार आली की आधी विचारावं: नेमकं टोचलं काय? कारण गावाकडे दोन-तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘गोचिडाची लस’ म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आयव्हरमेक्टिन ही लस नव्हे, जंत-गोचिडांवरचं औषध आहे. रक्तात असेपर्यंत काम करतं, मग संपलं. ते दुधातही उतरतं, म्हणून दुभत्या गाईला परस्पर टोचू नका.

थायलेरियाची लस खरीच लस आहे, पण ती गोचिडातून येणाऱ्या थायलेरिया या रोगापासून वाचवते. गोचिडाला तिने काहीच होत नाही. लस झाली म्हणून फवारणी थांबवली, की दुसऱ्या जातीचे गोचीड बबेसिया हा वेगळा रोग देतात आणि गाय कॉफीच्या रंगाची लघवी करू लागते. ही लस जिवंत पेशींची असते, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. घरच्या फ्रिजमध्ये ठेवून ‘उद्या टोचू’ म्हणालात तर ती वाया गेली. गाय गाभण असेल किंवा तापाने फणफणत असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आणि लस दिलेल्या संकरित गाईलाही जोराचा ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली, तर अंगावर काढू नका. बुपारव्हाक्वोन हे थायलेरियावरचं औषध वेळेत पडलं तरच गुण येतो.

खुद्द गोचिडाविरुद्धची लसही आहे. क्युबात १९९३ साली गावॅक आली, ऑस्ट्रेलियात १९९४ साली टिकगार्ड. दोन्ही गोचिडाच्या आतड्यातल्या बीएम८६ या प्रथिनावर बेतलेल्या. लस दिलेल्या गाईचं रक्त प्यायलं की त्यातली प्रतिपिंडं गोचिडाचं आतडं निकामी करतात. माद्या कमी फुगतात, अंडी कमी घालतात. म्हणजे अंगावरचे गोचीड दुसऱ्या दिवशी गळून पडत नाहीत, पुढच्या पिढ्या घटत जातात, आणि बूस्टर (पुन्हा द्यायचा डोस) चुकला की परिणाम ओसरतो. आपल्या तालुक्याच्या दुकानात ही लस मिळत नाही. त्या नावाने कोणी बाटली पुढे केली, तर आधी लेबल वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र गोठ्यातली. गाय फवारतात, भिंती तशाच सोडतात. थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली दडतो. रात्री बॅटरी घेऊन फटीत पाहा, तिथेच अंड्यांचे तपकिरी पुंजके सापडतील. फटी सिमेंटने बुजवा, भिंतीही फवारा, आणि अंडी फुटतील हे धरून डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा फवारा. औषधाचं प्रमाण अंदाजाने कमी केलंत, तर गोचीड त्याला सरावतात.



गोचीड नखाने चिरडू तर कधीच नका. क्रायमीन-काँगो तापाचा विषाणू याच हायलोमात असतो. २०११ साली गुजरातेत या तापाने माणसं दगावली. हातमोजे घाला, चिमट्याने ओढा, रॉकेलमध्ये टाका.